चाकाला आलेला ताप

तुमी हसाल, पण आमच्या गाडीचं दुखणं एका मेंढरं राखणाऱ्या बाबानं धरलं.

चाकांची अलाइनमेंट करून आणली, तरी गाडी डावीकडंच ओढून राहिली होती. मिस्त्री म्हणे, "मशीन बराबर दाखवून राहिली. रस्ताच तिरपा असंल." दुसऱ्या दिवशी बहिणीला बाळंतपणासाठी आणायचं होतं, त्यामुळं जिवाला घोर.

त्याच दिवशी घरी येताना वारंगा फाट्यावर या बाबाला गाडीत घेतलं. माझी स्टेअरिंगशी झटापट बघून त्यानं औंढ्याजवळ गाडी थांबवायला लावली. खाली उतरला आन् वाकून एकेका चाकाला हात लावत फिरला.

"काय करून राहिले, बाबा?"

"मेंढराला ताप आला का आमी कान धरून बघतो. तुमची तीन चाकं बराबर हायेत. हे पुढचं डावं तापलंय, हात ठेववत न्हाई."

गाडी परत नेली, तवा मिस्त्रीनं ते चाक खोललं. ब्रेक जाम झालेला, पाय काढला तरी चाक धरूनच बसलेला.

बहीण सुखरूप घरी आली. तवापासून गाडी थांबली का मी वाकून चारी चाकांना हात लावतो. बायको म्हणते, "काहून चाकांच्या पाया पडून राहिले?"

मी म्हणतो, "चाकांच्या न्हाई, त्या बाबाच्या."