आज सिग्नल तुटला

तरणतलावाच्या भिंतीलगत बाकावर मी माझ्या बॅचची वाट बघत बसले होते. शेजारी एक मुलगी मोबाइलवर डोळे लावून बसलेली. तेवढ्यात ओल्या केसांनी, डाव्या मनगटावर पट्टा बांधलेली तिची आई बाहेर आली.

"आई, तुटला! आज सिग्नल तुटला!"

"अगं बाई! एवढा महागाचा पट्टा, पाण्यानं बिघडला का?"

"बिघडतोय कसला! मनगट पाण्याबाहेर असलं की तुझ्या हृदयाचे ठोके भिंतीपलीकडून माझ्या मोबाइलवर येतात. पाण्याखाली गेलं की बंद. इवलीशी ती बॅटरी, तिचा जोर तो किती!"

"मग रोजच तुटत असेल की. महिना झाला पोहतेय मी."

"एकदाही नाही तुटला. डाव्या हातात काठाची दांडी असायची ना?"

"असायची. घट्ट. म्हणजे तुला महिनाभर ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि काकूपुढे मी पोहण्याच्या बढाया मारत होते तेव्हा?"

"मान डोलवत होते."

"लबाड कुठली! बरं, आज किती वेळ तुटला?"

"अकरा सेकंद! मी अनवाणीच दाराकडे पळाले, तेवढ्यात परत आला. एकशे अडतीस ठोके!"

"अकराच? मला वाटलं, अर्धा तास झाला."

"पण हात सुटला कसा?"

"सुटतोय कसला! मीच सोडला. आणि हे बघ, उद्या दाराकडे पळत येऊ नकोस. उद्या वेळ लागेल."