एक तारखेपासून

भाईंदरच्या मोबाईल दुकानात माझ्यापुढे जवळच्या पाली कोळीवाड्यातलं एक वयस्क जोडपं उभं होतं. दुकानदार नीलेश त्यांचा फोन उलटसुलट करून बघत होता.

"बिघडला काय, नीलेश?"

"नाही अंकल, फोन मस्त आहे. प्रोसेसर जुना आहे. व्हिडिओ कॉलचं ॲप एक तारखेपासून यावर चालणार नाही."

"मंग प्रोसेसर नवा टाक. आमच्या बोटीत नवं इंजिन टाकलं, बोट तीच हाय."

"यात तसं होत नाही. फोनच बदलावा लागेल."

"बिघडला न्हाय, तरी बदलायचा?"

"कंपनीने जुन्या फोनचा सपोर्ट बंद केलाय, अंकल."

"ह्युबर्ट, वाद नको घालू. नवा घे. रविवारी डॅरेनचा व्हिडिओ कॉल येल जहाजावरून."

"घेतो गं. पण मला समजू तरी दे."

"नीलेश, हा फोन आमच्या पोरानं, डॅरेननंच दिलेला. स्वतःला पण असाच घेतला त्यानं."

"सेम मॉडेल, आंटी?"

"सेम. रंग तेवढा येगळा."

"मग त्याचं पण बंद होणार. त्याला सांगा, नवा घ्यायला."

"समुद्रात कुठून घेल? मार्चपर्यंत उतरणार न्हाय तो."

अंकलनी नीलेशच्या हातातला जुना फोन परत घेतला.

"मंग आम्ही नवा घेऊन बोलायचं कुणाशी?"