व्ह्यूफाइंडर हवाच कशाला?

व्ह्यूफाइंडरवरून माझ्याशी वाद घालायचा असेल, तर आधी हे ऐका. पुढच्या महिन्यात येणाऱ्या त्या छोट्या मिररलेस कॅमेऱ्याचं मी बुकिंग करून टाकलं होतं. त्याला व्ह्यूफाइंडर नाही. इथे आखातात, हूरा भागातल्या एका टपरीवर चहा पिताना माझा रत्नागिरीचा मित्र इकबाल म्हणाला, "डोळा न लावता फोटो काढायचा, तर मग फोन काय वाईट?"

"स्क्रीन आहे ना. आणि हात हलू नये म्हणून ट्रायपॉड."

शेजारी त्याचे अब्बा बसले होते. चाळीस वर्षं इथे शिवणकाम केलेलं, पण चष्म्याचं नाव काढलं की चिडतात. त्यांनी माझा जुना कॅमेरा उचलून डोळ्याला लावला आणि इकबालकडे वळवला. व्ह्यूफाइंडरच्या बाजूची बारीक चकती फिरवली की डोळ्याचा नंबर जुळतो, एवढंच मी सांगितलं. ते हळूहळू फिरवत गेले आणि एकदम थांबले. हात इतका स्थिर, की मला माझ्या ट्रायपॉडची लाज वाटली. कितीतरी वेळ ते बघतच राहिले.

"अब्बा, काय दिसतंय?"

"तुझी दाढी कधी पिकली रे?"

इकबालची दाढी पिकून पाच वर्षं झाली होती. बुकिंग मी तिथेच बसून रद्द केलं.