आजोबांचं नाव

दवाखान्यात आजोबांच्या शेजारच्या खाटेवर रक्त चढवायला आपला नंबर कधी येतो याची वाट बघणाऱ्या एका शिंप्यानं कान टवकारले. सिस्टर रक्ताची पिशवी घेऊन आजोबांपाशी आली होती. आजी त्यांच्या उशाशी बसल्या होत्या.

“आजोबा, पूर्ण नाव सांगा.”

“अहो सिस्टर, मघाशी मी सांगितलं की!”

“आजी, त्यांच्याच तोंडून हवं. चुकीची पिशवी चढली तर जिवावर बेतेल.”

“मग पिशवीवरचं नाव वाचून विचारा, तुम्हीच ना म्हणून. हे ‘हो’ म्हणतील. चाळीस वर्षं तेच म्हणतायत.”

“तीच तर भीती! आजोबा, तुम्हाला जुळे मुलगे आहेत ना?”

“हो.”

“अहो! आपल्याला एकच मुलगी आहे!”

“बघितलंत? आता तुम्ही गप्प बसा. आजोबा, नाव?”

आजोबांनी आजीकडे पाहिलं.

“सांगू का गं?”