एकही टाका सुटलेला नाही

—नाही नाही, परत घेत नाही हो ताई, तशी पाटीच लावलीय बघा. लोकर एकदा विणली की ती तुमची झाली. आता तुम्ही म्हणाल, शेठ, एकदाच तर घातलाय. एकदाच घातला असेल, पण उसवलेल्या लोकरीला लाटा पडतात, वेणी सोडल्यावर केसांना पडतात तशा, आणि मग कितीही वाफ द्या, ती लोकर आपलं आधीचं आयुष्य काही विसरत नाही. बसा ना, उभ्या का? त्या बाकावर बसा, पंख्याखाली. भर उन्हाळ्यात लोकरीच्या दुकानात माणूस येतं ते दोनच कारणांनी – एक तर ते खरं विणणारं असतं, नाहीतर त्याला शेजारच्या औषधाच्या दुकानात जायचं असतं. हसू नका, खरंच सांगतो, काल एक गृहस्थ येऊन खोकल्याचं औषध मागत होते. म्हटलं, औषध नाही, मफलर देतो, पुढच्या खेपेला खोकलाच होणार नाही. घेऊन गेले! पस्तीस वर्षं झाली या गल्ल्यावर बसून, उन्हाळ्यात लोकर विकणारा वेडा म्हणतात मला. पण थंडीत विणायला घेतो त्याचा स्वेटर थंडी गेल्यावर तयार होतो, हे मला कुणी शाळेत शिकवलं नाही, इथंच कळलं. खरं विणकाम उन्हाळ्यातच. हाताला घाम येतो, लोकर बोटांना चिकटते, मग बायका तळव्याला पावडर लावतात नि बसतात – याच बाकावर – काढा, काढा पिशवीतून, बघू तरी काय—

थांबा. हा पिवळा. हा बदकांचा निळा. आणि हा राखाडी... हे स्वेटर तुमच्याकडे कसे आले?

अरे! तू – तू बाईंची मुलगी! अगं मग सांगायचं ना आधी, मी आपला ताई-ताई करत बसलोय. तुझ्या शाळेच्या स्वेटरची लोकर मी दिलेली आहे, बाहीला दरवर्षी दोन बोटं जास्तीची धरून द्यायचो. चेहरा अगदी – नाही, बाईंसारखा नाही, वडिलांवर गेलीस. कधी आलीस? पंधरा दिवस झाले? आणि बाई रोज चारला येतात इथं, अक्षरानं बोलल्या नाहीत मला. म्हणजे कमाल आहे. बाळ बरं आहे? पाणी घे, माठातलं आहे.

कुणी विणले म्हणजे? तुझ्या आईनं. दुसरं कोण विणणार? हातच्या कांकणाला आरसा कशाला, बदकांच्या चोची बघ, अशा चोची त्यांच्याशिवाय कुणाला... हो, हो. गळा घट्ट होतो, ते तू कळवलं होतंस, बाईंनी सांगितलं ना मला. काय खूश होत्या! म्हणाल्या, शेठ, नातवाचं डोकं मोठं आहे, हुशार निघणार. मी म्हटलं, आजीवर गेलाय. बाकावरच्या सगळ्या हसल्या. तेव्हा तिघी बसायच्या बाकावर. तुझी आई मधे, इकडे शिंपीणकाकू, तिकडे नर्सबाई. तुला एक गंमत सांगतो – शिंपीणकाकूनं एक शाल विणून नर्सबाईला दिली, चांगली दोन महिने खपून. आणि नर्सबाईनं काय करावं? दिली एका पेशंटला, घरी जाताना गारठला होता म्हणून. आता गाव काय लहान आहे? तरी ती शाल नेमकी शिंपीणकाकूंच्याच समोर यावी, रांगेत, एका अनोळखी म्हाताऱ्याच्या खांद्यावर! काकूंनी मागून बघून ओळखली. रंगावरून नाही हं, रंग शंभर जणींकडे असतो. हातावरून. प्रत्येकीचा हात वेगळा, कुणाचा सैल, कुणाचा ओढलेला, सही खोटी करता येईल पण टाका नाही करता येत. मग काय, अख्खा उन्हाळा अबोला! पण दोघी यायच्या मात्र रोज, बाकाच्या दोन टोकांना बसायच्या, आणि तुझी आई मधे बसून निरोप द्यायची – बाई, तिला विचारा कात्री झाली का – नर्सबाई, त्या विचारतायत कात्री झाली का – आणि कात्री दोघींच्या मधे, बाईंच्याच मांडीवर...

काय म्हणालीस? हात लपत नाही. हो. मीच म्हणालो आत्ता.

नाही, मी कशाला लपवू? दोन स्वेटर शेजारी लावून बघू? बघ की लावून. हा कुठला काढलास, हा जुना – हा तुझ्या लग्नाच्या वर्षीचा. हा बाईंचा. मोकळा हात, टाक्यातून वारा जाईल असा, आणि तरी मऊ. आणि हा राखाडी... हं. ओढलेला आहे थोडा. वय होतं, बोटं आखडतात.

कोण डॉक्टर? डोळ्यांचे? अच्छा, म्हणजे नेलंस. बरं केलंस. कशावरून शंका आली? ...कपाच्या बाहेर. चहा कपाच्या बाजूला ओतला नि त्यांना कळलंच नाही. मोतीबिंदूच असणार, त्याचं काय एवढं, काढतात हल्ली, सकाळी गेलं की दुपारी घरी, आमच्या पलीकडच्या चक्कीवाल्याचे दोन्ही—

काचबिंदू.

तो वेगळा असतो का? मला नाही माहीत. सांग.

...कडेनं जातं. कडेकडेनं जातं, आणि शेवटी नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं उरतं. आणि गेलेलं परत येत नाही. आता थेंब घालायचे ते उरलेलं टिकावं म्हणून. दोन वर्षं – दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर, असं म्हणाले ते? आणि तू काय सांगितलंस? की नाही हो डॉक्टर, गेल्याच थंडीत माझ्या आईनं बाळाला स्वेटर विणून पाठवला, एकही टाका सुटलेला नाही.

जरा तो पंखा... असू दे. चालू दे.

माझा हात घट्ट आहे. बायको होती तेव्हा म्हणायची, टाक्यातही घट्ट नि खिशातही घट्ट. मला कुणी शिकवलं नाही, ज्याचा धंदा करायचा ते आपल्याला यायला पाहिजे म्हणून इथं बसल्या बसल्या बायकांच्या बोटांकडे बघून शिकलो – सुलट, उलट, गळा, बाही. पुरुषासारखा पुरुष विणतोय म्हणून लोक हसतील, म्हणून सकाळी शटर अर्ध्यावर ठेवून बसायचो. बाईंचं सुरू झालं त्याला दोन उन्हाळे झाले. आधी एकदाच झालं होतं गं – त्या पिवळ्याची पाठ विणत होत्या, आणि दाखवली मला, शेठ, बघा कशी झालीय. त्या नेहमीच दाखवायच्या, मी नेहमीच म्हणायचो, एकही टाका सुटलेला नाही, बाई. पस्तीस वर्षांचं आमचं ते ठरलेलं वाक्य. आणि त्या दिवशी पाहिलं तर कडेचे चार टाके खाली सुटलेले, पायऱ्या पडल्या होत्या अगदी. आणि तोंडातून वाक्य मात्र सवयीनं गेलं. मग काय करणार? म्हटलं, बाई, उन्हातून पिशवी कशाला वागवता, राहू द्या इथंच. त्या ठेवून गेल्या. सकाळी मी चार टाके उचलले. एवढंच. चारच टाके होते गं! दुसऱ्याच्या शर्टाचं बटण लावून द्यावं, तसं. दुसऱ्या दिवशी सहा. मग एक ओळ. मग अख्खी बाही उसवून परत. शेवटी-शेवटी, हा राखाडी, यात बाईंचा एक टाका नाही. त्या चारपासून दिवेलागणीपर्यंत विणायच्या, मी सकाळी उसवायचो. त्यांना वाटायचं, वा, झपाझप होतंय!

झाकली मूठ म्हणतात ना. मला वाटलं, मी त्यांची झाकतोय.

नाही, फक्त टाके नाही. खोटं कशाला बोलू, आता बोलायला बसलोच आहे तर. हे स्टूल बघ – हे आधी इथं असायचं, दाराशी. एकदा बाईंचा गुडघा आपटला, मी स्टूल आत घेतलं. मग त्या काचेच्या कपाटाला खांदा लागला, कपाट मागे सरकवलं, चार माणसं बोलावून. पायरी दिसेना, तर पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढला, गिऱ्हाइकांना सांगितलं, दुकान ठसठशीत दिसतं. मला सगळं दिसत होतं. मी व्यापारी आहे, माणूस दारातून आत येईपर्यंत तो घेणार की नुसता हात लावून जाणार हे मला कळतं. आणि मला हे नाही कळलं? कळलं. मी दुकान बदलत गेलो, बाईंना नेलं नाही.

त्यांनीच सांगितलं होतं, हां! मुलीला कळवू नका, ती नोकरी सोडून धावत येईल, असं... नाही. असं त्या म्हणाल्या नाहीत. हे मी मनात रचून ठेवलं होतं, तू कधी आलीस तर सांगायला. त्यांना मी काही विचारलंच नाही, तर त्या नको कशाला म्हणतील. नर्सबाईनं सांगितलं होतं. गेल्या उन्हाळ्यात ती मुलाकडे राहायला गेली, जायच्या दिवशी मला त्या मापाच्या टेबलापाशी गाठून म्हणाली, शेठ, बाईंचे डोळे दाखवून घ्या, या आठवड्यातच, मला लक्षण बरं दिसत नाही. मी म्हटलं, उद्याच नेतो. उद्याच! मग शिंपीणकाकू अंथरुणाला खिळल्या, म्हणजे बाकावर उरल्या एकट्या बाई. आता तूच सांग, मी त्यांना डॉक्टरकडे नेतो, डॉक्टर म्हणतो मुलीला बोलवा, तू येतेस, आणि घेऊन जातेस. बरोबरच आहे, नेणारच. आणि मग दुपारी चार वाजता या दुकानात काय? पंखा.

हे मी तुला सांगायला नको होतं.

आणि तू फोन केला होतास. आठवतं ना? हिवाळ्यात, दुकानावर. काका, आई म्हणते चष्मा बदलायचाय, तुम्ही रोज बघता, तिला नीट दिसतं ना? आणि मी काय म्हटलं? मला शब्दन्‌शब्द आठवतो. म्हटलं, अगं, ठणठणीत! माझ्यापेक्षा डोळे तीक्ष्ण आहेत, स्वेटर पाठवतायत तो बघ म्हणजे कळेल. आणि तू हसलीस. आभार मानलेस माझे. तो खोका मी स्वतः बांधला, पोस्टात मी स्वतः टाकला. हा राखाडी.

रागाव. पाटी वाचून गिऱ्हाईक रागावतं तेवढं तरी रागाव. मी काय करू ते सांग, ते थेंब मी रोज घालेन, घड्याळ लावून घालेन, पण तू म्हणतेस थेंबांनी परत येत नाही. मग उसवून पुन्हा विणता येत नाही असं पहिल्यांदाच काही माझ्या हातात आलंय. त्यांना सांगणार आहेस का? हे, माझ्याबद्दल? सांग, सांगायलाच पाहिजे. पण बाळाचे स्वेटर त्यांनी विणले नाहीत हेही मग सांगावं लागेल. तेवढं एक... ते कसं सांगशील?

चार वाजले? वाजले. ती बघ, आली तुझी आई. भिंतीला बोटं लावत येतायत, बघितलंस? खांबापासून चौदा पावलं, मग पायरी. तू इथंच उभी राहा, कपाटाच्या बाजूला – नाही, लपायला नाही सांगत गं, लपायची गरजच नाही, तेच तर. बाजूचं त्यांना...

या बाई, या! या, बसा. ऊन काय म्हणतंय? हो, स्टूल आतच आहे, या बिनधास्त. नाही, कुणी न... म्हणजे आहे, बाई. आहे एक जण. तुमच्या डाव्या हाताला. नाही, तिकडे नाही.

पिशवी आज तुमच्याकडेच? काल रात्री घरी विणलं वाटतं थोडं? द्या, बघतो ना. बघतोय. हो बाई, प्रकाश आहे, चष्मा आहे, सगळं आहे. बघतोच आहे.

नऊ टाके सुटलेत, बाई. कडेचे.

...

बाई?