मुकुंदराव खराड्यांची सगळी कुलपं

ऐका मंडळी! पेटीवाले, भाता जरा थांबवा. आज एक सवाल घेऊन उभा आहे — लेकराला राखायचं, म्हणजे नेमकं काय करायचं?

सोपा वाटतो ना? मागच्या खेपेला एक गृहस्थ बसल्या जागेवरून ओरडले, "महाराज, पासवर्ड!" झालं! दोन तासांचं कीर्तन एका शब्दात आटोपलं. मी चपला शोधायला लागलो.

तर ऐका. तालुक्याचं गाव. बाजारपेठेत मुकुंदराव खराडे यांचं कुलपांचं दुकान. माणूस सज्जन, पण धंदा अंगात मुरलेला. घरात फ्रीजला कुलूप, गच्चीला कुलूप, लोणच्याच्या कपाटाला कुलूप! तुळशीला तेवढं नव्हतं — कडी बसेना म्हणून.

त्यांची एकुलती एक लेक ईश्वरी. बारा वर्षांची, सातवीत. शाळेच्या अभ्यासासाठी कॉम्प्युटर घ्यावा लागला. मुकुंदरावांनी काय केलं? सुताराकडून कपाट करून घेतलं, कॉम्प्युटर आत ठेवला, बाहेर दुकानातलं सगळ्यात दणकट कुलूप ठोकलं! दर्शनाची वेळ संध्याकाळी सहा ते सात. देवळातसुद्धा एवढी कडक शिस्त नसते हो!

"बाबा, चित्रं काढायचा एक खेळ आहे. खेळू?"

"खेळ. पण काही वेडंवाकडं दिसलं ना — की कुलूप! कायमचं!"

हे वाक्य जपून ठेवा मंडळी. पुढं लागणार आहे.

खेळात गप्पाही मारता येत. तिथं एक मैत्रीण भेटली — रिया. "मी पण बारा वर्षांची! कथकच्या परीक्षेत पहिली आलीस ना? आणि तुमच्या मोत्याच्या पायाची जखम भरली का?"

पोरगी हरखली. "तुला कसं माहीत गं?"

"मैत्रीण आहे ना तुझी! पण कुणाला सांगू नकोस हं."

तीन आठवडे चित्रं झाली, गप्पा झाल्या. मग एका बुधवारी रियानं लिहिलं — "शनिवारी पाच वाजता तुझ्या क्लासच्या मागच्या बोळात ये. गिफ्ट आणलंय. एकटी ये."

ईश्वरीनं ते पुन्हा एकदा वाचलं. कथकचा क्लास कुठं असतो, हे तिनं रियाला कधी सांगितलंच नव्हतं! आता सांगायचं कुणाला? बाबांना? की कपाटाला कायमचं कुलूप! आईला? आई बाबांना सांगणार. पोरगी जेवेना. ताटात वरणभात कालवत बसली.

बरं झालं, तिला एक आत्या होती. शालनआत्या — एसटीत कंडक्टर. कोण कुणाच्या पिशवीकडं बघतंय, हे ओळखण्यात बाईंची बावीस वर्षं गेलेली! गुरुवारी आली, पोरीचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "कुठं उतरायचंय ते सांग, म्हणजे बेल मारते."

पोरीनं सगळं सांगितलं. आत्या तिला घेऊन थेट दुकानात! मुकुंदरावांनी ऐकलं मात्र — पांढरेफटक पडले. मग लाल झाले. मग वळले, आणि फळीवरून आणखी मोठं कुलूप काढलं!

"बघ आत्या," पोरगी म्हणाली, "म्हणूनच मी सांगत नव्हते."

"मुकुंदा, ठेव ते खाली!" आत्या कडाडली. "आधी सांग, कुत्र्याची जखम त्या रियाला कुणी सांगितली?"

"मला काय माहीत, अक्का?"

"तुझा मोबाईल दे इकडं."

मोबाईल उघडला. दुकानाचं फेसबुकचं पान — साऱ्या जगाला खुलं! आणि मजकूर? लग्नपत्रिकेच्या थाटात! 'आमची सुकन्या कु. ईश्वरी, इयत्ता सातवी ब, कथक परीक्षेत प्रथम. दर मंगळवारी व शनिवारी सायंकाळी पाच वाजता मारुती मंदिरामागील क्लासला एकटी जाते. केवढी ही जिद्द!' खाली फोटो — गणवेशातला, शाळेच्या नावासकट. त्याखाली मोत्या, पायाला पट्टी बांधलेला. त्याखाली वाढदिवस, केकसह.

लोणच्याला कुलूप मंडळी, लोणच्याला!

मुकुंदराव खाली बसले. कुलूप हातात तसंच. "अक्का," म्हणाले, "हे मीच सांगितलं गं त्या रियाला."

अक्का म्हणाली, "रडायला नंतर वेळ आहे. आधी पोलिसांत चल."

शनिवारी पाच वाजता ईश्वरी घरात होती, आईच्या शेजारी. बोळाच्या तोंडाशी साध्या वेषातले दोन पोलीस उभे. आणि रिया आली हो! रंगीत कागदात गुंडाळलेला खोका घेऊन, मोटरसायकलवरून. मिशा होत्या तिला.

हसू नका. मीही सांगताना हसत नाही.

त्या माणसाला पोलीस घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी घरी बापलेक मोबाईल घेऊन बसले आणि एकेक फोटो काढून टाकला. दुपार सरली तरी संपेनात! कपाट मोडलं, कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आला, सगळ्यांच्या येण्याजाण्यात. वेळ तीच, सहा ते सात. मुकुंदराव म्हणाले, "काही वेडंवाकडं दिसलं तर मला हाक मार. बंद नाही करणार."

"आणि माझा फोटो टाकायच्या आधी मला विचारायचं."

"विचारीन."

"लिहून द्या."

दिलं लिहून! बापानं, लेकीला, सहीनिशी.

आता तुम्ही म्हणाल, असला बाप विरळा. असेल. पण तिसऱ्या रांगेतले ते काका — हो, तुम्हीच, मान वळवू नका — मघापासून माझं कीर्तन मोबाईलवरून लाइव्ह दाखवताय. मी म्हातारा, माझं काय जातंय? पण माझ्यापुढं पहिल्या रांगेत ही अकरा पोरं बसलीत. माझ्या मागं पाटी आहे, पाटीवर गावाचं नाव आहे, पुढचे सहा दिवस कीर्तनाची वेळ काय, तेही आहे.

बाळांनो, काकांनी तुम्हाला विचारलं होतं का रे? ज्यांना विचारलं, त्यांनी हात वर करा.

बघा, अकरांतला एकही हात वर नाही.

काका, खाली घ्या तो मोबाईल. घेतलात? हं.

पेटीवाले, धरा सूर. आता देवाचं नाव घ्यायला हरकत नाही.