अप्पांची काडतुसं बरोबर होती

अक्का, क्लबचे अध्यक्ष, सेक्रेटरी साहेब, आणि शुक्रवार पेठेतून आलेल्या समद्या मंडळींनो,

मला भाषण येत न्हाय. अप्पा जाऊन दहा दिवस झाले, आज हितं यायलाच नको वाटत व्हतं. पण आत्ता तिघंजण बोलून गेले. अप्पा शांत व्हते, मनमिळाऊ व्हते. आवं, कुटले मनमिळाऊ! लई चिडके व्हते अप्पा. आणि त्यांनी क्लबसाठी काय केलं, ते एकानंबी सांगितलं न्हाय.

मग मी सांगतो. मी टेंभुर्णीचा, उजनीच्या धरणावर मशिनी दुरुस्त करतो. क्लबात नेमबाजीला यायचो. अप्पा सोनार. स्पर्धेत त्यांनी जन्मात गोळी झाडली न्हाय. क्लबनं ती टारगेट रायफल घेतली, फॅक्टरीतून आली तशी. तिच्यात फॅक्टरीचीच काडतुसं घालायची, तर शंभर यार्डावर पाच गोळ्या चार बोटं पसरायच्या. समदे म्हणले, रायफलच भिकार. अप्पा म्हणले, "तिला काय मानवतंय ते कुणी इचारलं का?"

काडतुसं भरायचा परवाना क्लबला व्हता. अप्पांनी क्लबच्या खोलीत आपला सोनं तोलायचा काटा आणून मांडला. रायफलीची नळी तापून पुढं लाकडाला टेकली की गोळी भरकटते, म्हणून लाकूड आतून तासून घेतलं. मधून कागद सरकला पाहिजे, एवढी फट. मग दर रविवारी पाच काडतुसं एका मापाची, पाच दुसऱ्या मापाची. दारू केसभर कमी, केसभर जास्त. मी झाडायचो, अप्पा भिंगातून भोकं बघायचे. मी म्हणायचो, अप्पा, दारूबी बदलू, काडतुसात गोळीबी जरा बाहेर बसवू, एका दिवसात निकाल लावू. तर खेकसायचे. "तम्मा, हे तुझं पाण्याचं इंजिन हाय व्हय? ओतलं डिझेल आन मारलं हँडल! एका येळी एकच गोष्ट बदलायची. न्हायतर कशानं सुधारलं ते कळणार कसं?"

दीड वर्स लागलं, मंडळी. दीड वर्सानं पाची भोकं एका रुपयाखाली झाकली. अप्पा तो कागद घेऊन घरी पळाले. अक्का, तुमी म्हणला व्हता, "एवढ्यासाठी माझं जेवण थंड केलं की!" आठवतंय?

मग दसरा आला. शस्त्रपूजेला मोठे पाहुणे येणार. सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितलं, रायफल चकचकीत कर, व्हार्निश मार. मारलं. लाकूड सोडवलं, आतून-बाहेरून दोन-दोन हात दिले, स्क्रू गच्च आवळले. फट बुजली. मशिनीतला माणूस मी, मला कळायला नको व्हतं? पण हळदकुंकू लागलं, फुलं वाहिली, फोटो निघाले. खूश झालो. अप्पांना कुणी कळवलंबी न्हाय.

आठ दिवसांनी स्पर्धा. नळी तापली तशा गोळ्या वरवर चालल्या. आमी शेवटून दुसरे.

मग क्लबची मीटिंग. सोनारानं दारू चुकीची मोजली, असं ठरलं. ठरवूनच बसले व्हते की! अप्पांनी एकच इचारलं, "रायफल कुणी उघडली व्हती का?" सेक्रेटरी साहेब म्हणले, "कुणी हातबी लावला न्हाय." अप्पा माझ्याकडं वळले. "तम्मा, तू सांग."

मी म्हणलो, "न्हाय, अप्पा."

का म्हणलो? राज्याच्या संघासाठी माझं नाव जायचं व्हतं, आणि ते साहेबांच्या हातात व्हतं. नाव गेलं न्हाईच. त्याचं आता दुःखबी न्हाय.

अप्पांनी उरलेली काडतुसं एकेक उघडली. दारू परत काट्यावर घातली. समदी बरोबर भरली. मग त्या माणसानं काय समजावं? काटा खोटा न्हाय, रायफलीला हात लागला न्हाय, म्हणजे काटा वाचणाराच चुकतोय. म्हणले, "माझी नजर गेली, तम्मा." त्या दिसापासून खडे बसवणं बंद. नथीची गिऱ्हाइकं माघारी लावायचे. डोळ्याचा डॉक्टर म्हणला, नजर एकदम चांगली हाय. अप्पांना पटलं न्हाय. डॉक्टरपेक्षा माझ्यावर त्यांचा इश्वास जास्त व्हता!

चार वर्सं तो हाताचा धनी माणूस दुकानाच्या पायरीवर रिकामा बसला. मी महिन्याला जायचो, अक्कांच्या हातचा चहा प्यायचो, आणि माघारी यायचो. थू माझ्या जिंदगानीवर! अक्का, तुमी मला आज शिव्या घाला, मारा, मी हलायचा न्हाय. पण अप्पांची नजर शेवटपर्यंत खणखणीत व्हती. चूक माझ्या हाताची आन माझ्या तोंडाची.

आता शेवटी दोन मिनिटं गप्प उभं राहायची रीत हाय. मी तसं म्हणणार न्हाय. गप्प राहायचं काम आमी चार वर्सं केलंय, आणि अप्पा तितं पायरीवर बसून गेले.

सेक्रेटरी साहेब, अक्का समोर बसल्यात. उठा. रायफल उघडली व्हती, एवढं म्हणा. तुमी म्हणेपर्यंत मी हा माइक सोडत न्हाय.